सासू, जावई आणि वादळ

प्रिय जावईबापू,

पत्र बघून दचकू नकोस. गुडघे सोडले तर माझी तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू "हो आई, बरं आई" करत विषय गुंडाळतोस आणि समोर बसलास की मलाच शब्द सुचत नाहीत, म्हणून कागद घेतला. लग्नापासून तुला अहो-जाहो केलं, मानाने वागवलं आणि भर समुद्रात त्या मानाचा पार चुथडा केला. त्याच दिवसाबद्दल आज लिहायचंय.

बोट परत आणायला मी तुझ्याबरोबर येते म्हटलं तेव्हा सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. ती बोट तू आणि माझ्या ठमीने मिळून बांधलेली. निम्मा समुद्र ओलांडला आणि ती आजारी पडली. तुम्ही बोट परक्या बंदरात ठेवून विमानाने परतलात आणि माझी लेक त्या आजारातून उठलीच नाही. पुढे तू बोट आणायला एकटाच निघालास, तेव्हा तुझा चेहरा काही मला बरा दिसेना. जन्मभर डुलत्या बसमध्ये उभं राहून तिकिटं फाडलेली कंडक्टर मी, मला काय बोट लागतेय, असं ठणकावून सांगितलं. लागली. पहिले काही दिवस बादलीशी चांगलीच मैत्री झाली.

सकाळ-संध्याकाळ तू रेडिओ लावायचास. आपल्याच किनाऱ्यावरच्या हवामान केंद्रातल्या बाई वारा किती, लाटा केवढ्या ते सांगायच्या. लहान बोटींवर लक्ष ठेवणं हे त्यांचं कामच. ते झालं की विचारायच्या, "जेवलात का?" मला तू "भूक नाही" म्हणून वाटेला लावायचास. त्यांना मात्र खरं सांगायचास, की घास उतरत नाही.

मोठं वादळ येतंय, चुकवता येणार नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तू मला कामाला जुंपलंस. बटाटे उकडले, थर्मास भरले, सुटं होतं ते सगळं बांधलं, पातेल्यांच्या झाकणांसकट. तू मोठं शीड उतरवून टॉवेलाएवढं जाडंभरडं शीड चढवलंस आणि सुकाणू एका अंगाला बांधून टाकलंस. अशी बोट वाऱ्याशी भांडत नाही, तिरकी होऊन पडून राहते, असं मला समजावलंस. मग वारा आला. डोलकाठी अशी किंचाळायला लागली की आपलं बोलणंच खुंटलं. केबिनच्या जमिनीवर गाद्या टाकून आपण पाय रोवून पडलो. लाट आपटली की वाटायचं, बाहेरून कुणी ट्रक घालतंय.

दुसऱ्या दुपारी त्या छोट्या शिडाचा एक कोपरा सुटला. तू बांधायला वर गेलास. मी दार जरासं किलकिलं करून बघत होते. बोटीवर तूच माझ्याकडून घोकून घेतलेला नियम होता, कमरेच्या पट्ट्याचा दोर बोटीच्या कड्यात अडकवल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. तुझा दोर मागे लोंबत होता. वाटलं, घाईत विसरलास. मग तू वळलास, दोराकडे बघितलंस आणि तसाच पुढे निघालास. ते मी बघितलं रे. आजवर बोलले नाही.

त्यानंतर माझ्या तोंडून जे निघालं ते मी बसमधल्या दारुड्यांनाही कधी ऐकवलं नव्हतं. "अरे गाढवा, आधी दोर अडकव! एकीला पोचवून आलेय, आता तुलाही पोचवायला लावतोस?" तू मुकाट्याने दोर अडकवलास. शीड बांधलंस. परत येताना लाटेने बोट आडवी केली. पाणी ओसरलं तेव्हा तू कठड्याबाहेर त्याच दोराला लटकत होतास. मी ओढलं, तू चढलास, कुणाचा जोर किती, देव जाणे. बरगड्या धरून आत आलास आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसाहमशी रडलास. ठमी गेली तेव्हा तू पाहुण्यांना पाणी देत फिरत होतास. त्या दुपारी आपण दोघं तिच्यासाठी पहिल्यांदा एकत्र रडलो.

पुढचं तुला ठाऊक नाही. तुझा डोळा लागला आणि रेडिओवर बाईंची वेळ झाली. कशीबशी बटणं दाबून मीच बोलले. बोट बरी आहे का, हे त्यांनी आधी विचारलंच नाही. "ते कसे आहेत?" म्हणाल्या. आणि मग, "दोर अडकवतात ना हो ते?" मी म्हटलं, "आता अडकवतात." पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आणि एकदम कामाचा सूर, "सकाळी वारा दक्षिणेकडे वळेल, तोवर हलू नका." तसंच झालं. सकाळी तुझ्या बरगड्या मी चादरीने आवळल्या, तू सांगत गेलास, मी दोर ओढत गेले आणि बोट चालायला लागली. त्या दिवशी तू उरलेले सगळे बटाटे संपवलेस. मला एकही ठेवला नाहीस.

आता हे सगळं आज का उकरून काढतेय ते सांगते. काल त्या रेडिओवरच्या बाई घरी आल्या होत्या. तुम्ही दोघं भेटता हे मला माहीत आहे. आपलं बंदर लहान आहे आणि मला मैत्रिणी पुष्कळ. त्यांना लांबच्या केंद्रावर बदली मिळतेय. "जाऊ की राहू?" असं त्यांनी तुला विचारलं आणि तू म्हणालास, "आईंना काय वाटेल?" बिचारी तक्रार करायला नव्हती आली, निरोप घ्यायला आली होती. चहा निवून गेला तरी कप हातातच. तर आईंना काय वाटतं ते ऐक, कारण आईंना विचारायचं तुला सुचलं नाही. मला ती आवडते. तुमच्या घरी पहिल्यांदा येईन तेव्हा ठमीच्या आठवणीने मी रडेन, ते तुम्ही मनावर घ्यायचं नाही. तू दर रविवारी येतोस, ते मला हवंच आहे. पण माझ्या शेजारी भिंतीकडे बघत बसायला मी तुला पाण्यातून ओढून काढलं नव्हतं. तिने बदलीला होकार कळवायच्या आत जा आणि "थांब" म्हण. रविवारी दोघं या. मी तिघांचा स्वयंपाक करतेय.

तुझीच,
आई