भोपाळचं दुखणं

नया बाजार, लश्कर
१४ एप्रिल १९५७

प्रिय बळवंत,

क्वार्टर मिळाल्याचं तुझं पत्र पोचलं. दोन खोल्या आणि घरात नळ, म्हणजे तू आता साहेबच झालास. इकडे नवं राज्य झालं, तुमच्या कचेऱ्या उठून राजधानीला, भोपाळला गेल्या, आणि आपल्या गल्लीत सात घरांना कुलपं लागली. दवाखान्यात येतात ते बहुतेक मागे राहिलेले. कुणाला झोप नाही, कुणाला अन्न जात नाही, कुणाच्या छातीत धडधडतं. तपासावं तर सगळं ठीक. दोन प्रश्न विचारले की कळतं, मुलगा भोपाळला, नाहीतर जावई. मी त्याला नावच ठेवलंय, भोपाळचं दुखणं. टॉनिकची बाटली देतो, पोराला पत्र लिहा म्हणतो, आणि निम्मे खरंच बरे होतात. मला त्याचा जरा गर्वच झाला होता.

तुझ्या आईला, म्हणजे आपल्या माईलाही, मी तेच ठरवून टाकलं. नोव्हेंबरपासून तिचं जेवण उतरलं, संध्याकाळी अंग कसकसायला लागलं, खोकला तर हटेचना. शांता वारल्यापासून माझी चूल बंद आहे, दुपारी मी माईकडेच जेवतो, हे तुला ठाऊक आहे. ती वाढता वाढता खोकायची आणि मी आमटी भुरकत सांगायचो, तुला बळवंताची आठवण येतेय, दुसरं काही नाही. छातीला नळी लावू का म्हटलं की हात झटकायची. ज्याला लहानपणी न्हाऊ घातलं त्याच्यापुढे पदर बाजूला करू का, म्हणायची. दुसऱ्या बाईला मी दटावलं असतं. माईला कुठल्या तोंडाने दटावू? शालीवरूनच नळी टेकवली. काही ऐकू आलं नाही, आणि खरं सांगतो, मला काही ऐकायचंही नव्हतं.

गेल्या सोमवारी मुरारचा दौलतसिंह तांगेवाला आपल्या अम्माला घेऊन आला. तक्रारी हुबेहूब माईच्या. पण तिची चारही मुलं मुरारातच राहतात, तेव्हा माझं ठेवणीतलं नाव तिला लागू पडेना. मग नर्सबाईंना जवळ उभं करून नीट तपासलं, वजन केलं, छातीचा फोटो काढायची चिठ्ठी लिहायला घेतली. सगळं मिळून पंधरा मिनिटं. चिठ्ठी लिहितानाच माझा हात थांबला. अनोळखी बाईला मी पंधरा मिनिटं दिली होती आणि माईला पाच महिन्यांत तेवढीही नाहीत.

दवाखाना तसाच टाकून मी माईकडे गेलो. जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो आणि तिला इस्पितळात नेलं. बुधवारी फोटो हातात आला. क्षय आहे, बळवंत. डावं फुप्फुस वरून निम्मं खराब झालंय. वजन ऐंशी पौंड भरलं. नऊवारी आणि शालीच्या आत बाई एवढी वाळली, आणि तिच्यासमोर रोज पाटावर बसणाऱ्या डॉक्टरला ते दिसलं नाही.

आता इंजेक्शनं आहेत, गोळ्या आहेत. मी सुरू केल्यात. पाच महिन्यांपूर्वी केल्या असत्या तर बरी होईल म्हणून छातीठोक सांगितलं असतं. आज नाही सांगू शकत. दीड वर्ष औषध हवं, दूध हवं, आणि घरात सतत माणूस हवं. तिला एक खोली वेगळी दे, मुलांना काही महिने जवळ जाऊ देऊ नकोस.

तू संक्रांतीला विचारलंस, होळीला विचारलंस, माईला घेऊन जाऊ का? दोन्ही वेळा मी उलट टपाली कळवलं की तिची तब्येत ठणठणीत आहे, प्रवास कशाला, घाई करू नकोस. ते डॉक्टरचं मत नव्हतं रे. ती गेली असती तर जेवलास का म्हणून विचारणारं मला या गावात कुणी उरलं नसतं. भूक मला नव्हती, झोप मला नव्हती, म्हणून तिचंही तेवढंच असणार असं मी धरून चाललो. तुला मला काय बोलायचं ते बोल, पण शनिवारच्या गाडीने ये आणि तिला घेऊन जा. ती नको म्हणेल, सदाशिवाच्या जेवणाचं काय, असं विचारेल. ऐकू नकोस. स्टेशनवर मीही काहीतरी निमित्त काढीन, ऊन फार आहे, अशक्तपणा आहे, आठ दिवस थांब म्हणेन. माझंही ऐकू नकोस.

अजून म्हणू देशील तर, तुझाच
सदाशिव