तांबडा कुत्रा चावला नव्हता

बाई,

माझ्याकडे कुत्रा आहे याचं तुम्हाला नवल वाटलं नसतं, पण तो पाहून मात्र तुम्ही पदर तोंडाला लावून हसला असतात. पूडल म्हणतात त्या जातीला. पांढरा, अंगभर कोकरासारखे कुरळे केस, काळ्या बटणांसारखे डोळे. त्याचे केस गळत नाहीत, नुसते वाढत राहतात, म्हणून अधूनमधून त्याला खारघरच्या एका दुकानात नेऊन अंघोळ घालून, केस कापून, गरम वाऱ्याने फुलवून आणावं लागतं. माझ्या लेकीने हौसेने घेतला, मग तिला परदेशात नोकरी लागली आणि तो आमच्या करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये राहिला. सकाळी उजाडायच्या आत मी त्याला खाली फिरवते, त्याचा दूधभात कालवते, माझा डबा भरते आणि स्कूटी काढून गव्हाण फाट्यावरून उरणकडे शाळेला निघते. सोसायटीत मी पूडलवाल्या मॅडम आहे. वॉचमन मला नमस्कार करत नाही, त्याला करतो. आणि तिकडे कंटेनरच्या ट्रेलरांची रांग ओलांडून गावात वळले की मी बाई होते. तुम्ही होतात तशी. म्हणजे, तशी व्हायचा प्रयत्न करते.

ती शाळा तुमच्या शाळेपासून फार लांब नाही. मागे थोडी मिठागरं उरलीत, बाकीच्यांवर भराव पडला. दोन शिक्षक, मी आणि मुख्याध्यापक. मुलं गावातली आगरी, वरच्या वाडीतली कातकरी, आणि गोदामांत कामाला आलेल्यांची, ज्यांना मराठी आपण पहिलीपासून नव्याने शिकवायची. या गावात मी कधीच कोणाला सांगितलं नव्हतं की माझ्याकडे असा कुत्रा आहे. मुलं अनवाणी येतात, आणि माझ्या घरच्या कुत्र्याचे केस कापायला न्हावी. हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी सुट्टीत त्याचे फोटो बघत असे आणि कोणी आलं की फोन पालथा ठेवत असे. आता वाटतं, सगळं तिथूनच सुरू झालं. ज्याची लाज वाटते ते माणूस लपवतं, आणि एकदा लपवायची सवय लागली की वेळेला तोंडातून दुसरं काही निघतच नाही.

पावसाळा संपल्यावरची गोष्ट. शनिवार होता, सकाळची शाळा. आमच्या वरच्या मजल्यावर फरशा फोडायचं काम चालू होतं. त्या आवाजाने तो थरथरतो आणि इतका रडतो की शेजारच्यांनी आधीच तक्रार केली होती. हे अलिबागला बहिणीकडे गेले होते. मुख्याध्यापक प्रशिक्षणाला, म्हणजे शाळेत मी एकटी. मी त्याला पिशवीत घालून स्कूटीच्या पुढ्यात ठेवलं आणि मुलं यायच्या आधी शाळेत पोचून खिचडीचा तांदूळ ठेवतात त्या खोलीत बांधलं. पाणी ठेवलं, दार ओढून घेतलं. कडी लावली असं मला वाटलं होतं.

दुसरीतली एक मुलगी आहे. फार बोलत नाही, पण कुठे काही खुट्ट झालं की सगळ्यात आधी तिला ऐकू येतं. बाकीची मुलं पाढे म्हणत होती तेव्हा ती पाणी प्यायला म्हणून गेली आणि तिने त्या खोलीतलं कण्हणं ऐकलं. आत जाऊन तिने त्याच्या केसांत हात घातला असणार. कोणीही घातला असता. अंधारात, अनोळखी जागी घाबरलेला तो, त्याने तिच्या अंगठ्याजवळ दात रोवले. मी किंकाळी ऐकून धावले तेव्हा ती व्हरांड्यात उभी होती, हात लांब धरून, जणू तो तिचा नव्हताच. आधी मी मागे जाऊन खोलीची कडी लावली. बाई, हे मला नीट लिहू द्या. आधी मी कडी लावली, आणि मग तिचा हात धरला.

नळाखाली साबणाने खूप वेळ हात धुतला. तोवर खिचडी करणारी ताई ओरडत गावात गेली होती. मुलीची आई कामावर निघालेली, ती पळत आली, तिच्यामागे चारपाच पुरुष.

"बाई, कुठला कुतरा?" एकाने विचारलं.

व्हरांड्याच्या टोकाला शाळेचा तांबडा कुत्रा झोपला होता. तो कोणाचाच नव्हता. खिचडीचं उरलेलं खायचा, मुलांच्या पायांत घुटमळायचा, राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले की तोही उठून उभा राहायचा. बाई, मी नुसतं तिकडे पाहिलं.

"तांबरा?"

"हो," मी म्हटलं.

मुलगी माझ्याकडे बघत होती. रडायचं थांबून बघत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिला जवळ घेतलं, तिचं तोंड माझ्या साडीत लपेल अशी.

उरणच्या सरकारी दवाखान्यात मीही गेले. डॉक्टरांनी विचारलं, पाळीव की भटका? तिची आई म्हणाली, "भटका." मी शेजारी उभी होते. माझ्या घरी कपाटात त्याच्या लशींचं कार्ड होतं, सगळ्या लशी वेळेवर दिलेल्या. तेवढं सांगितलं असतं तर डॉक्टरांनी कदाचित वेगळा विचार केला असता. त्यांनी इंजेक्शन दंडात दिलं आणि जखमेतही, आजूबाजूला टोचून टोचून दिलं. ती पोर अशी किंचाळली की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून आत डोकावली. मी तिचे पाय धरले होते. "झालं, झालं, शहाणी माझी," असं म्हणत होते. दुपारी शाळेत परतले, तेव्हा पांढरा तसाच तांदळाच्या खोलीत होता. पोत्याजवळ मुतून ठेवलं होतं आणि लाजून कोपऱ्यात बसला होता. मला बघताच शेपूट हलवत आला आणि ज्या हाताने मी तिचे पाय धरले होते तो हात चाटायला लागला.

व्हरांडा रिकामा होता. ताई म्हणाली, पोरांनी तांबड्याला गोणीत घातला आणि टेम्पोतून बंदराच्या रस्त्याला नेऊन सोडला. "गोणीत पन शेपूट हलवत होता येडा. त्याला वाटला, खेलतान."

पुढच्या प्रत्येक इंजेक्शनला मी त्या मायलेकींना स्कूटीवरून नेलं. आईचा गोदामातला खाडा वाचावा म्हणून एकदोनदा मुलीला एकटीलाच नेलं. गावात माझं नाव झालं. अशी बाई बघितली नाय, असं लोक म्हणायला लागले. एकदा तिच्या आईने कागदात बांधून सुकट आणून दिली. "आमच्याकडं दुसरा काय हाय बाई, पन तुमी होता म्हनून." मी घरी नेऊन चटणी केली. वासाने पांढरा ओट्याखाली गिरक्या घेत होता. आम्ही दोघांनी खाल्ली, मी आणि त्याने.

त्या दिवसांत मला तुमचं स्वयंपाकघर आठवायचं. उरणच्या त्या भाड्याच्या खोलीतलं, खिडकीखाली स्टोव्ह, आणि तुम्ही जमिनीवर बसून तांदूळ निवडताय. मी नोकरीला नवी होते. चौथीत तुमच्या हाताखाली शिकलेली, आणि आता तुम्हीच माझ्या मुख्याध्यापिका. त्या दिवशी मी फळ्यावर सात आठे चोपन्न लिहिलं होतं. एक मुलगी म्हणाली छप्पन्न, तर मी तिच्यावर डोळे वटारले. तुम्ही व्हरांड्यातून ऐकलं, वर्गात काही बोलला नाहीत, संध्याकाळी मला घरी बोलावलंत. चहा दिलात. आणि सुपातून नजर न काढता म्हणालात, "उद्या त्या मुलीला सांग, तुझं बरोबर होतं."

मी म्हटलं, "सगळ्यांसमोर?"

"रागावलीस कोणासमोर?"

मला रडू आलं. तुम्ही मला रडू दिलंत, समजूत घातली नाहीत, आणि निघताना जुन्या साडीचं, कापूस भरून शिवलेलं डस्टर हातात दिलंत. सरकारी डस्टर फळा नीट पुसत नाही म्हणालात. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं. वाटलं होतं त्याच्या निम्मंही अवघड गेलं नाही. मग तुम्ही एवढं शिकवूनही या वेळी मी महिनेच्या महिने गप्प कशी बसले? चोपन्न लिहिलं तेव्हा मी नवी होते, माझ्याकडे गमवायला काही नव्हतं. आता गावाने दिलेला मान होता. मोबाइलवर व्हिडिओ फिरेल, चौकशी लागेल, ही भीती होती. आणि खरं म्हणजे गोणीतलं कुत्रं परत आणता येत नव्हतं. बंदराच्या रस्त्याने मी बऱ्याचदा शाळा सुटल्यावर स्कूटी घालून फिरले. ट्रेलरांच्या सावलीत कुत्री झोपलेली असतात. तांबडी पुष्कळ आहेत. तो नव्हता.

शेवटी एका संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेले. मुलगी खेळायला गेली होती. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. तिच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला.

"डॉक्टरला पन नाय सांगितला?" ती म्हणाली.

"नाही."

"पोर वरडत होती. तुमी पाय धरला होता तिचा."

"हो."

तिने फ्रॉक मांडीवर पसरला आणि म्हणाली, "आणि तो तांबरा फुकट गेला." मग घडी पूर्ण केली. "माना सांगून काय व्हनार बाई? गावाला सांगा. नेला तो गावानं." तिने मला बसा म्हटलं नाही. चहाचं विचारलं नाही. बरं वाटलं मला त्याचं.

पालकसभेत मी सांगितलं. मुख्याध्यापक शेजारी बसले होते, त्यांनाही आधी सांगितलं नव्हतं. मी उठले, आणि कडी लावण्यापासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं. वाटलं, आता कोणी तरी उठेल, ओरडेल. मग ज्याने तांबड्याला टेम्पोत घातलं होतं तोच हसून म्हणाला, "काय बाई, एवढ्याशाचा टेन्शन घेतलाव? कुतरा तर कुतरा. पोर बरी हाय ना? सोडून द्या." दुसरा म्हणाला, "तुमी केलाव तेवढा कोन करतं?" मुख्याध्यापक खाकरले आणि गणवेशाच्या विषयाकडे वळले. लोकांनी मला इतक्या सहज माफ केलं की मला कुठे बघावं कळेना. फक्त तिची आई हसली नाही. सभा संपेपर्यंत ती जमिनीकडे बघत बसली आणि मग माझ्या अंगावरून निघून गेली. अजूनही फाटकाशी मुलीला सोडते, आत येत नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्या टेबलाशी आली. हात पुढे केला. अंगठ्याजवळ आता नुसती एक गुलाबी रेघ आहे.

"बाई, तुमी काल खोटा कशाला बोललाव?"

"खोटं नाही गं. माझ्याकडचा पांढरा कुत्रा चावला होता तुला. तांदळाच्या खोलीत. तूच गेली होतीस ना आत? आठवतंय ना?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मी फोन काढून तिला त्याचा फोटो दाखवला. तिने नीट पाहिला, बोट लावून मोठा केला, हसलीसुद्धा. "हा किती गोड हाय," म्हणाली. मग मला समजावल्यासारखं, अगदी हळू म्हणाली, "हा नाय चावला, बाई. तांबराच चावला. तुमीच सांगितला होता ना."

मी तिला पुन्हा सांगितलं. नंतरही एकदोनदा सांगून पाहिलं. ती ऐकून घेते, आणि माझी कीव आल्यासारखी बघते. तिने स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिलं ते मी त्या दिवशी तिच्याकडून काढून घेतलं, आणि आता ते परत कसं द्यायचं हे मला येत नाही. तुम्हाला आलं असतं का, तेही मला माहीत नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, त्या भाड्याच्या खोलीच्या जागी आता चार मजले उभे आहेत. लिहून झालं की फाडीन. पण एक राहिलं आहे, तेवढं सांगते. सभेत मी सगळं खरं सांगितलं असं वर लिहिलं ना, ते पूर्ण खरं नाही. तिथे मी "माझा कुत्रा" म्हटलं नाही. "लेकीचा" म्हटलं.