आसारामचं चिपाड

पुणे, ता. ४-२-७२

ती. मनकर्णाअक्कास,
धाकट्या राधाकृष्णाचा सा. न. वि. वि.

भाड्यानं द्यायला म्हणून घेतलेल्या आपल्या गोदामाच्या विम्याचा कागद आला. हप्ता एवढा लावलाय की भाडं सरळ कंपनीच्या घशात जाणार. मी भांडलो. विम्याचे साहेब म्हणाले, आत व्यापाऱ्याचं बारदान, मागच्या भिंतीला गुऱ्हाळाच्या चिपाडाची गंज, पुढच्या खोलीत तुमच्या बहिणीची चूल. पेटायला आणखी काय हवं? होळीनंतर ते स्वतः बघायला येतील. तोवर गुऱ्हाळवाल्या आसारामला सांगून गंज हलव. तू इकडं राहायला ये, खोलीला कुलूप लावू. हप्ता उतरला नाही तर पाडव्याला गोदाम विकणार. म्हणजे काहीही झालं तरी पुण्याला यायचंच आहे. कुसुमनं तुझ्यासाठी खाट बघून ठेवलीय.

राग आला तरी लोभ असू द्यावा.

राधाकृष्ण

देवळाली प्रवरा, ता. ११-२-७२

चि. राधाकृष्णास अनेक आशीर्वाद.

आसारामकडं गेले. तो म्हणाला, चिपाड माझ्या हद्दीत हाय, तुमची भिंतच पुढं सरकली असंल. त्याच्या बायकोनं गरम गूळ दिला. खाऊन परत आले. भिंत होती तिथंच आहे.

माझ्या चुलीवर दोन भाकरी होतात. एवढ्यानं कंपनी बुडत असेल तर तिचाच कुणीतरी विमा काढावा. चूल मी अंगणात लिंबाखाली मांडली. कुसुमच्या खाटेवर तूच नीज. तुमच्या जिन्यात खोकलं तरी शेजारीण दार उघडून बघते. तिथं मी शिव्या कुणाला द्यायच्या?

येत नाही, एवढंच कळवायचं होतं. आशीर्वाद आहेतच.

मनकर्णा

पुणे, ता. १९-२-७२

ती. अक्कास सा. न.

चूल हलवलीस, बरं केलंस. आसारामशी भांडू नकोस. तो कोर्टात जाईल, आणि वकील विम्याहून महाग. हप्ता काही उतरत नाही असं धरून मी गिऱ्हाईक बघितलंय. पाडव्याआधी सहादेव टेम्पो घेऊन येईल. भांडी बांधून ठेव. कुत्रं आणता येणार नाही.

धाकट्याला सांभाळून घ्यावं.

राधाकृष्ण

देवळाली प्रवरा, ता. ७-३-७२

चि. राधाकृष्णास आशीर्वाद.

होळी झाली. होळीला चोरून आणलेलंच जळण लागतं आणि त्याची तक्रार करायची नसते, हे तुला सांगायला नको. आसाराम राहुरीला गेला होता. गोरक्षनाथच्या तालमीतल्या पोरांनी सगळी गंज उचलली. मी काहीच केलं नाही. कुत्रं बांधून ठेवलं आणि पोरांना चहा दिला.

होळी पेटल्यावर आसारामला कळलं. तो बोंबलत आला. पण तेव्हा सगळं गावच बोंबलत होतं. म्हातारे म्हणाले, औंदा आसाराम लई मनापासून बोंब मारतोय. नवं चिपाड तो आता स्वतःच्या दारापुढं रचतो. पोरांनी घाईत आपलं मागचं लाकडी दारही नेलं. तिथं मी पत्र्याचं बसवलं.

काल विम्याचे साहेब आले. पत्रा वाजवून खूश झाले. मी तुझा कुलपाचा बेत सांगितला. ते म्हणाले, बंद गोदामाचा दर चढा, राखणीला माणूस राहत असेल तर उतरतो. मी विचारलं, ते माणूस म्हणजे मीच असले तर चालेल का? त्यांनी लगेच माझं नाव लिहून घेतलं. हप्ता निम्म्यावर येईल म्हणाले.

सहादेवला पाठवू नकोस. गिऱ्हाईक हट्टालाच पेटलं तर सांग, गोदाम मनकर्णासकट घ्यावं लागेल.

दाराचे पैसे मनीऑर्डरनं पाठव. लोभ आहे तेवढा राहू दे. कमी करायला हप्ता आहे.

मनकर्णा