बाईंच्या मागं

सृष्टीची आई,

मी पहिल्या बसनं बीदरला जायलोय. तुला उठवलं न्हाई, कारण तुझ्या तोंडाकडं बघून हे सांगायला जमलं नसतं.

बीदरच्या शाळेत नाव घालताना पोरीनं सगळी उत्तरं आपली आपण दिली, असं काल तुला सांगितलं ते खोटं हाय. मोठ्या बाई कन्नडमधून विचारायलत्या. ऐकू येत न्हाई म्हणून सृष्टी ओठ बघून समजून घेती, पण ते आपल्या घरच्यांचे. बाईंसमोर ती नुसती बघत राहिली. मला राहवलं न्हाई. बाईंच्या खुर्चीमागं जाऊन उभारलो आन् आवाज न करता एकेक उत्तर ओठांनी सांगितलं. गायीचं चित्र दाखवलं की मी ‘आकळू’, की तीबी ‘आकळू’.

बाई खूश झाल्या. पोरगी हुशार हाय, हिला वेगळ्या शिकवणीच्या बाईंची गरज न्हाई, साध्या वर्गातच बसवू म्हणाल्या. आपल्या पोरीला कुणीतरी हुशार म्हणायलंय, एवढ्यानंच मी फुगलो. तू गल्लीत पेढे वाटायलतीस, तवाबी गप बसलो.

आज बाईंना खरं सांगतो. काय बोलतील ते ऐकून घेतो. सृष्टीला शाळेचा नवा ड्रेस आज घालू नको. कानातल्या मशीनचा सेल येताना आणतो. म्हशीला पाणी दाखवायचं राहिलंय.

काल येताना बसमध्ये तिनं माझ्या ओठांवर बोट ठेवलं आन् विचारलं, "अप्पा, रोज उभारणार न्हवं? बाईंच्या मागं?"

मी व्हय म्हणलो.