सुळ्याचं फिटिंग

तीर्थरूप ताईस,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? भाऊजींची कवळी बोलताना वाजते असं कळलं. (ती मी केलेली नाही, एवढंच नमूद करतो.)

आम्ही बापलेक मजेत आहोत असं लिहिणार होतो, पण तुझ्यापासून काय लपवायचं! तुझ्या भाचीनं, आमच्या भिंगरीनं, एक मित्र जोडलाय. दिवेलागणीनंतरच येतो, चेहरा चुन्यासारखा, पावलांचा आवाज नाही. ती त्याला वाघुळ्या म्हणते. एका संध्याकाळी त्याला थेट माझ्या कामाच्या खोलीच्या दारात आणून उभं केलं आणि म्हणाली, त्याचा सुळा मोडलाय, उपाशी आहे बिचारा. मूल उपाशी म्हटल्यावर ते खातं काय हे विचारत बसणारा मी नव्हे. तोंडात छोटा आरसा घातला, तर आरशात ना दात, ना जीभ. त्याच्या पाठीमागचं कपाट दिसलं, कडीकुलपासकट. आता हे काम मी कुणाच्या हाताखाली शिकलेलो नाही (पुस्तकं वाचून आणि बाबांची कवळी खोलून शिकलो, तुला आठवत असेल), तरी आरसा बिघडू शकतो इतकं मला कळतं. दुसरा घेतला. कपाट आणखी स्वच्छ दिसलं. शेवटी मेणात माप घेतलं, तर मऊ मेण तोंडात जाताच दगड झालं.

त्याचा शाबूत सुळा चांगलाच लांब होता. दुसरा कुणी असता तर दोन्ही घासून बेताचे केले असते. पण जोडीला जोड हा माझा कटाक्ष. रंग, लांबी, टोक, सगळं हुबेहूब केलं. टोक अंगठ्यावर तपासताना रक्ताचा थेंब आला, तसा तो पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. किती सभ्य, असं मला वाटलं.

परवा भिंगरीची वेणी घालताना मानेवर दोन ठिपके दिसले. डास असेल म्हणाली. मी मापाचा कंपास लावला. अंतर माझ्या साच्याशी तंतोतंत जुळलं. खरं सांगतो ताई, आधी ऊर भरून आला, आणि मग मान कुणाची आहे ते ध्यानात येऊन कंपास खाली ठेवला. पोरीचे हात बर्फासारखे होते.

"तो विचारूनच चावतो, बाबा," ती म्हणाली. "मीच हो म्हटलं."

तुझा धाकटा भाऊ

ता. क. खरं काम आता लिहितो. हे पत्र घेऊन भिंगरीच येतेय. तिला पूर्वेच्या खोलीत ठेव, पडदे काढून टाक. अजून वेळ गेलेली नाही असं माझं मन सांगतं.

ता. क. २. तो माग काढत आलाच, तरी कुणी आत बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. (माझ्याकडे? मीच 'या, बसा' म्हटलं. गिऱ्हाइकाला म्हणतोच.) तू तर दारावरच्या फेरीवाल्यालाही पाणी विचारतेस. तेवढी जीभ आवर.

ता. क. ३. आत्या, हे मी लिहितेय, भिंगरी. बाबांनी माझी ट्रंक स्वतः गाडीत चढवली, पुस्तकं घेतलीस ते बरं केलंस म्हणाले. पुस्तकं नव्हती, तो होता. पत्र दाराखालून सरकवतेय. वाचून झालं की दार उघड आणि आत या म्हण. दोघांनाही म्हण हं. मघाशी तुझी खिडकी उघडी होती, पण मला पाय आत टाकताच येईना.