कलम तिसरे

सोमवार, ७ नोव्हेंबर २००५
सकाळी दहाला सदाशिव पेठेतील या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये दाखल झालो. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेऊन चार वर्षे झाली. परगावी जाणाऱ्यांच्या घरी राहून त्यांचे प्राणी सांभाळण्याच्या व्यवसायातील हे माझे एकविसावे घर. उजेड भरपूर, खुर्ची उत्तम, आणि ब्रूनो हा नऊ वर्षांचा लॅब्राडोर वागण्यात नेटका. मन प्रसन्न आहे.

यजमान अभिनव आणि श्रद्धा, दोघेही आयटीत, आज तीन आठवड्यांसाठी अमेरिकेस गेले. निघण्यापूर्वी माझी टंकलिखित आठ कलमे मोठ्याने वाचून दाखवली. पहिले: मला काका म्हणू नये. दुसरे: ठरलेल्या प्राण्याखेरीज दुसरा प्राणी नाही. तिसरे: वृद्ध अथवा आजारी माणसांची जबाबदारी नाही. तिसऱ्याला दोघांनी एकमेकांकडे पाहिले. सही मात्र केली.

आतल्या खोलीला बाहेरून कुलूप आहे. किल्ली दिलेली नाही. मीही मागितली नाही.

मंगळवार, ८
अभिनवचा फोन. म्हणाला, काका, तेवढं एक सांगायचं राहिलंच. आतल्या खोलीत मांजर आहे, फार बुजरं. दाराखालच्या फटीतून दोन वेळा पोळी सरकवायची, बस्स. मी दुसरे कलम वाचून दाखवले. तो म्हणाला, अहो, मांजर ते किती खाणार? मी म्हणालो, प्रश्न खाण्याचा नसून सांगण्याचा आहे. हे 'तेवढं' मी बँकेत एकोणतीस वर्षे ऐकले. तेवढं थांबा, तेवढं बघा, तुम्ही घरचेच. ज्याला मांजर सांभाळून हवे, त्याने सहीपूर्वी तोंड उघडावे. दुसऱ्या कोणास पाठवा, असे बजावून फोन ठेवला.

बुधवार, ९
कोणीही आले नाही. ब्रूनोने स्वतःची पोळी त्या दाराशी नेली आणि नाकाने फटीत ढकलली. मी ती ओढून घेतली व त्याला रागे भरलो. सायंकाळी अभिनव फोनवर हसत म्हणाला, तुम्ही काही मुक्या जनावराला उपाशी ठेवणार नाही, खात्री आहे मला. म्हणजे माझ्या चांगुलपणावर परस्पर विसंबून हा गृहस्थ विमानात बसला. आता तर मुळीच देणार नाही.

गुरुवार, १०
सकाळपासून दारावर आतून टकटक. तीन ठोके, विराम, तीन ठोके. ब्रूनो पलंगाखालून बाहेर येत नाही. पोळी घेऊन उठलो होतो. मग म्हटले, आज दिली की उद्या तो हक्क होईल. परत डब्यात ठेवली.

मांजर ओरबाडते. टकटक करीत नाही.

शुक्रवार, ११
शेजारच्या सुशीलाबाई आज मुलीकडून परतल्या. जिन्यात विचारू लागल्या, ज्ञानदेवरावांचं कसं काय? अर्धांगवायूनं वाचा गेल्यापासून दर्शनच नाही त्यांचं. कोण ज्ञानदेवराव, असे मी विचारले. म्हणाल्या, अहो, अभिनवचे वडील. आतल्या खोलीत असतात ना ते.

पायरीवरच बसलो.

अभिनवला फोन केला. म्हणाला, तिसरं कलम ऐकल्यावर खरं सांगायची सोय कुठे ठेवलीत तुम्ही? या वेळी काका म्हणाला नाही. नीच माणूस. आणि मी — मी पोळी परत ठेवली.

शुक्रवार, सव्वाबारा
मंडईजवळचा पोपट किल्लीवाला निघाला आहे. पोलिसांना कळवले. दाराशी जमिनीवर बसलो आहे. क्षमा मागितली, मोठ्याने. टकटक चालूच — फटीतून पोळीचा तुकडा सरकवला. बोटे आली. तुकडा सोडून माझी बोटे धरली. थंड, पण पकड घट्ट. जिवंत आहेत. वेळेत आलो.

पाऊण
कुलूप निघेना. पोपट स्टुलावर चढून दारावरचे रंगवलेले तावदान काढतो आहे. डावा हात मी सोडवलेला नाही. सोडवणार नाही —

पोपट आत बघतो आहे.

म्हणाला, साहेब, म्हातारबा पलंगावर आहेत. गेलेत. केव्हाच.

पलंग खिडकीखाली. दारापासून दहा फूट —

दाराशी कोण आहे, विचारले. कोणी नाही म्हणतो. पुन्हा बघ म्हणालो. कोणी नाही.

बोटे मनगटापर्यंत आली आहेत. ओढतात. फट दोन इंचांची, आणि माझा हात आत कोपरापर्यंत —