तुम्ही न उघडलेल्या बरण्या

प्रिय आई,

तुम्हाला जाऊन दोन महिने झाले आणि आज मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे. चिडून की हादरून, माझं मलाच कळत नाही. दुपारपासून दोनदा चहा केला, दोन्ही वेळा तसाच गार झाला. तुम्ही असतात तर समोर बसवून विचारलं असतं. आता कागदावरच विचारते. आई, माझी पावडर तुम्ही एकदाही का नाही खाल्लीत?

सुरुवातीपासून सांगते. आज तुमच्या भजनी मंडळातल्या शैलाकाकू आल्या होत्या, नेहरू नगरहून, भर उन्हात. चेहरा लालबुंद, दाराची चौकट धरून उभ्या. मला वाटलं, तुमच्या आठवणीने आल्या असतील. तर पिशवी पुढे करून म्हणाल्या, "अगं अश्विनी, शेवग्याची पावडर खतम झाली. दोन बरण्या दे. बीपीची गोळी तर मी महिना झाला, बंदच करून टाकली."

"बंद केली? कोणी सांगितलं?"

"कोणी म्हणजे? माईंनी! तुझ्या सासूबाईंनीच, तुझ्याच व्हिडिओत."

संक्रांतीचं हळदीकुंकू आठवतं? आपल्या शिवाजी नगरच्या क्वार्टरमागच्या शेवग्याचा पाला तुम्हीच खुडलात, सावलीत वाळवलात, आणि मी पावडर करून बरण्या भरल्या. त्याच वाण म्हणून लुटायच्या ही कल्पना माझी. कशी हुशार होते ना मी! सवाष्णीच्या हातचं वाण कोणी नाकारत नाही, टाकून तर देतच नाही. एकदा घरात गेलं की खाल्लं जाणार, आवडलं की पुन्हा मागितलं जाणार. वर तुमचा व्हिडिओ. हिरवी साडी, ठसठशीत कुंकू आणि तुमचं ते, "मी रोज सकाळी एक चमचा घेते. आता दुसऱ्या कुठल्या औषधाची गरजच वाटत नाही."

तुम्ही गेल्यावर तोच व्हिडिओ बायकांनी एकमेकींना पाठवला. खाली जोडलेले हात, फुलं. "अहेव गेल्या, भाग्याची बाई, त्यांच्या हातचं शेवटचं वाण," असं कोणीतरी लिहिलं आणि मागणी वाढतच गेली. खरं सांगू? मला बरं वाटलं होतं. मला वाटलं, हे तुमच्यावरचं प्रेम आहे. प्रेमच होतं हो! म्हणून तर एकीनेही डॉक्टरला विचारलं नाही.

तुमचं बीपीचं यंत्र काढून काकूंच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा भलताच वर होता. म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात. तर हसल्या!

"डॉक्टर तर गोळ्याच खायला सांगणार. माई काय झूठ बोलतील? त्यांच्या वापरातली बरणी उरली असेल ना, तर तीच दे. प्रसाद समजून घेईन."

म्हणून तुमचं कपाट उघडलं. साड्यांच्या मागे चार बरण्या होत्या, दिवाळीपासून दर महिन्याला मी तुमच्या हातात दिलेल्या. एकीचंही सील फुटलेलं नाही! शेजारी तुमच्या बीपीच्या गोळ्यांचं पाकीट. त्यातल्या गोळ्या मात्र शेवटच्या दिवसापर्यंत नेमाने घेतलेल्या, मागे पेन्सिलीने वार लिहिलेले.

एकेक बरणी मी उजेडात धरून बघितली. करोंदच्या मंडीत गव्हाचा दाणा दाताखाली फोडून बघितल्याशिवाय पोतं न घेणाऱ्या तुम्ही! सुनेच्या बरणीत बोटसुद्धा बुडवलं नाहीत आणि दर वेळी मला "छान झालीय हो" म्हणालात? एवढी कसली भीड माझी? एकदा म्हणायचं होतं, अश्विनी, हे मला नको. मी रुसले असते चार दिवस. आणखी काय झालं असतं?

काकू मागून सगळं बघत होत्या. "म्हणजे माई झूठ बोलल्या?" त्यांचा आवाज एकदम बारीक झाला.

तुमचं नाव राखायचं की माझं, एवढंच उरलं होतं. "नाही काकू," मी म्हटलं, "ते वाक्य त्यांचं नव्हतंच. मी शिकवलं होतं. म्हणा ना आई, छान वाटेल, अशी मागेच लागले होते."

काकूंनी रिकामी पिशवी गुंडाळली. चपला घातल्या आणि माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. गोळी पुन्हा सुरू झाली आहे. रिक्षातून उतरताना मी हात पुढे केला, तो मात्र त्यांनी धरला नाही.

आता बाकीच्या. आज तो व्हिडिओ मी काढून टाकते आहे. त्याच्याखाली तुमच्यासाठी लिहिलेलं सगळंही जाईल, त्याला इलाज नाही. उद्या नवा टाकेन. त्यात मी असेन, या बंद बरण्या असतील आणि तुमचं गोळ्यांचं पाकीट. आणि ज्या ज्या घरी ते वाण गेलं, तिथे स्वतः जाऊन विचारीन, गोळी चालू आहे ना? कोणी दारातून परत पाठवलं तरी जाईन. शब्द देते तुम्हाला.

मूळ व्हिडिओ फोनमध्ये आहे. आत्ता पुन्हा बघितला, न कापलेला. ते वाक्य बोलून झाल्यावर तुम्ही माझ्याकडे बघून हसता आणि विचारता, "झालं का गं तुझ्या मनासारखं?" तेवढं मी कापलं होतं.

नाही झालं, आई.

तुमची सून,
अश्विनी